एकघरी प्यादे आणि भारतीय बचाव

सुरत शहराचे नाव उच्चारताच महाराष्ट्रीय वाचकाच्या मनात प्रथम उभ्या राहतात त्या १६६४ आणि १६७० मधील शिवछत्रपतींच्या दोन स्वाऱ्या. त्यानंतर आठवते ती १६१३ मध्ये तेथे स्थापन झालेली इंग्रजांची वखार. युद्ध आणि व्यापार यांच्या या गजबजाटात त्या नगरीच्या कारागिरांचे स्मरण सहसा कोणाला होत नाही. सुरतेत ‘सादेली’ नावाची एक कला पिढ्यान्‌पिढ्या जोपासली गेली. ही कला इराणातील शिराझहून सिंधमार्गे सुरतेस व पुढे मुंबईस आली अशी परंपरा आहे. हस्तिदंत, चंदन, शिसव, शिंग आणि कथील यांच्या बारीक कांड्या एकत्र चिकटवून त्यांची मोळी करावयाची, ती आडवी कापून तिच्या कागदासारख्या पातळ चकत्या काढावयाच्या आणि त्या चकत्या लाकडावर जडवून नक्षी साधावयाची, अशी तिची रीत. या कामाच्या पेट्या, लेखनमंजुषा आणि बुद्धिबळाचे पट गोऱ्या साहेबांच्या घरी मोठ्या हौसेने नेले जात.

त्या पटांकडे जरा निरखून पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. त्यांवरील घरे दुरंगी आहेत, एक काळे तर एक पांढरे. आपल्याकडील जुन्या पटांवर असा भेद बहुधा नसे. कापडावर किंवा जमिनीवर रेषा आखून चौसष्ट घरे केली की पट सिद्ध होई. दुरंगी घरांची चाल युरोपातली. म्हणजे सुरतेच्या कारागिराने हात आपला वापरला, परंतु पट परक्या रीतीचा घडविला. जो खेळ भारतात जन्मला, इराण आणि अरबस्तान ओलांडून युरोपात गेला आणि तेथे रूप पालटून समुद्रमार्गे परत आला, त्याच्या परतीची ही एक खूणच म्हणावयाची.

परतलेला खेळ आणि घरी राहिलेला खेळ यांची गाठ पडली तेव्हा काय घडले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आज जगभर ‘भारतीय बचाव’ या नावाने ओळखले जाणारे डावाचे जे प्रारंभ आहेत, त्यांचा उगम या भेटीत आहे. वजिराचे प्यादे पुढे सारून सुरू होणाऱ्या डावांतील भक्कम, सावकाश आणि वरवर पाहता भित्र्या वाटणाऱ्या मांडणीचा अर्थही या भेटीकडे पाहिल्यावर अधिक स्पष्ट होतो.

आपल्या प्राचीन वाङ्मयात बुद्धिबळाला मानाचे स्थान होते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (राज्यकाल ११२६ ते ११३८) याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये चतुरंगाचे वर्णन आले आहे. त्यानंतरचा महत्त्वाचा पुरावा सतराव्या शतकातील नीलकंठ भट्टांचा. पैठणहून काशीस जाऊन स्थायिक झालेल्या विख्यात भट्ट घराण्यातील हे पंडित, काशीचे नारायण भट्ट यांचे नातू. त्यांच्या ‘भगवंतभास्कर’ या बारा मयूखांच्या ग्रंथापैकी ‘व्यवहारमयूख’ हा भाग हिंदू कायद्याच्या अभ्यासकांस परिचित आहे. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण या प्रदेशांत वारसा व दत्तक यांविषयीच्या वादांत इंग्रजी अमदानीतील न्यायालयांनी त्यास अग्रमान दिला. अर्थात सुरतेच्या कित्येक कुटुंबांची वाटणी या ग्रंथाच्या आधारे झाली असली पाहिजे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी १९२६ मध्ये त्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. याच मालेतील ‘नीतिमयूख’ या भागात राजनीतीच्या विवेचनाबरोबर बुद्धिबळाचेही निरूपण आहे आणि एकाच घोड्याने पटावरील चौसष्ट घरे एकेकदा फिरून येण्याचे कोडेही त्यात सोडवून दाखविले आहे. धर्मशास्त्राच्या आचार्याला हा विषय हलका वाटला नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, १८१४ मध्ये, तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरील पुस्तक मुंबईत इंग्रजीत प्रसिद्ध झाले. ते मूळ संस्कृतावरून केलेले आणि युरोपीय पद्धतीच्या खेळास जुळवून घेतलेले होते. त्यात मुख्यतः डावातील आणीबाणीची स्थाने आहेत. अमुक मोहरी अमुक घरी असता इतक्या चालींत मात कशी करावी, हा त्याचा विषय.

या सर्व ग्रंथांत विद्वत्ता आहे, कल्पकता आहे, गणिती बुद्धीही आहे. परंतु दोन खेळाडू समोरासमोर बसले, पहिल्याने ही चाल केली, दुसऱ्याने ती, आणि अखेर अमुक हरला, अशी घडलेल्या डावाची नोंद करणे हा त्यांपैकी कोणाचाच हेतू नव्हता. युरोपात १४९७ मध्ये स्पेनच्या लुसेनाचे आणि १५६१ मध्ये रुय लोपेझचे पुस्तक छापले गेले, आणि डावाची सुरुवात कशी करावी याची चर्चा तेथे लेखी परंपरेत आली. आपल्याकडे ती चर्चा तोंडी राहिली. ओसरीवर, धर्मशाळेत, देवळाच्या सभामंडपात ती रंगली आणि खेळणाऱ्यांबरोबरच विरून गेली. ही उणीव पुढे किती महाग पडली ते आपण पाहणारच आहोत.

प्रथम देशी खेळाचे नियम समजून घेऊ. प्रांतोप्रांती त्यांत भेद असत, तरी ठळक गोष्टी सामान्यपणे अशा. प्यादे एका चालीत एकच घर पुढे जाई. काही ठिकाणी राजा, वजीर किंवा हत्ती यांच्या प्याद्यांस पहिल्या चालीत दोन घरांची मुभा असे, पण सरसकट तशी मोकळीक नव्हती. किल्लेकोट नव्हता. त्याऐवजी राजास, शह लागलेला नसेल तर, संबंध डावात एकदा घोड्याप्रमाणे अडीच घरांची उडी घेता येई. प्यादे शेवटच्या ओळीत पोहोचले की ज्या मोहऱ्याचे ते घर, त्या मोहऱ्याचे रूप त्यास मिळे. प्याद्याने केलेली मात, म्हणजे प्यादेमात, विशेष मानाची समजली जाई.

या नियमांचा परिणाम काय होतो याचा विचार करावा. युरोपीय खेळात दोन्ही बाजूंची प्यादी पहिल्याच चालीत दोन घरे झेप घेऊन पटाच्या मध्यावर एकमेकांस भिडतात. चकमक लगेच सुरू होते. एकघरी प्याद्याच्या खेळात हे शक्य नाही. दोन्ही सैन्ये आपापल्या हद्दीत राहून तटबंदी उभारतात. कोणते प्यादे कोणास जोर देते, कोणते घर उघडे पडते, उंटास वाट राहते की तो आपल्याच प्याद्यांच्या मागे कोंडला जातो, हे प्रश्न पहिल्या दहा-बारा चालींत सोडवावे लागतात. शिवाय किल्लेकोट नसल्यामुळे राजाचा आडोसा हाताने, एकेका प्याद्याने बांधावा लागतो. अशा खेळात वाढलेल्या माणसास घाई शिकविली जात नाही. त्याला शिकविली जाते ती जोराची साखळी.

आता दृष्टी सुरतेहून कलकत्त्याकडे वळवू, कारण नोंदलेला पुरावा तेथे सापडतो. जॉन कॉक्रेन (१७९८ ते १८७८) हे स्कॉटिश बॅरिस्टर कलकत्त्यात वकिली करीत. ते इंग्लंडातील अव्वल खेळाडूंपैकी एक होते. १८४८ च्या सुमारास त्यांची गाठ महेशचंद्र बॅनर्जी नावाच्या बंगाली ब्राह्मणाशी पडली. महेशचंद्र देशी पद्धतीच्या खेळात मुरलेले होते आणि युरोपीय नियम त्यांनी नव्याने आत्मसात केले. पुढील दहा-बारा वर्षे हे दोघे शेकडो डाव खेळले. कॉक्रेन अधिक डाव जिंकले हे खरे, पण त्यांनी एक असे काम केले की ज्याबद्दल आपण त्यांचे ऋणी राहिले पाहिजे. त्यांनी ते डाव लिहून ठेवले, आणि ते लंडनच्या नियतकालिकांतून छापले गेले.

त्या डावांत काय दिसते? कॉक्रेननी वजिराचे प्यादे दोन घरे पुढे सारले, तर महेशचंद्र पुष्कळदा आपले प्यादे समोर आणून भिडवीत नसत. ते राजाकडील घोडा बाहेर काढीत, राजाकडील घोड्याचे प्यादे एक घर पुढे नेत आणि त्या मोकळ्या झालेल्या घरात उंट बसवीत. तेथून तो उंट सबंध पटावर तिरकी नजर ठेवी. वजिराचे प्यादेही बहुधा एकच घर सरके. प्रतिपक्षाने मध्यभाग खुशाल व्यापावा, आपण त्याच्यावर दुरून मारा करू, असा हा बेत. एकघरी प्याद्याची सवय येथे उघड दिसते. परंतु तिच्या जोडीला नव्या नियमांतील किल्लेकोट त्यांनी घेतला आणि राजा त्या उंटाच्या आडोशास नेला.

मे १८५५ मधील एक डाव तर इतिहासात नोंदला गेला आहे. कॉक्रेननी वजिराचे आणि वजिराकडील उंटाचे अशी दोन प्यादी दोन दोन घरे पुढे टाकली. महेशचंद्रांनी घोडा काढला, घोड्याचे प्यादे एक घर सारले आणि तिसऱ्या चालीत मात्र वजिराचे प्यादे दोन घरे पुढे नेऊन मध्यभागालाच आव्हान दिले. डाव कॉक्रेन जिंकले. पण नेमकी हीच मांडणी सदुसष्ट वर्षांनी, १९२२ मध्ये, व्हिएन्नाचे अर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांनी खेळली आणि ती ‘ग्रुनफेल्ड बचाव’ या नावाने जगन्मान्य झाली. येथे ध्यानात घ्यावयाचे ते हे की, महेशचंद्र जुन्या सवयीचे दास नव्हते. प्यादे एक घर केव्हा न्यावे आणि दोन घरे केव्हा, हा विवेक त्यांच्यापाशी होता.

‘भारतीय बचाव’ हे नाव १८८४ मध्ये प्रथम छापील स्वरूपात आढळते असे सांगतात, आणि त्याचा संबंध महेशचंद्रांच्या या डावांशी जोडला जातो. तरीही त्या काळच्या युरोपीय पंडितांस ही मांडणी विक्षिप्त वाटे. मध्यभाग प्याद्यांनी व्यापलाच पाहिजे हा त्यांचा सिद्धांत होता. पहिल्या महायुद्धानंतर निमझोविच, रेटी, ग्रुनफेल्ड प्रभृती नव्या विचाराच्या खेळाडूंनी तो सिद्धांत हलविला. त्यानंतर राजाचा भारतीय बचाव, वजिराचा भारतीय बचाव, निमझो-भारतीय बचाव अशी एक शाखाविस्तार झालेली परंपराच निर्माण झाली. आज वजिराच्या प्याद्याने डाव उघडणाऱ्या खेळाडूस पहिली चिंता करावी लागते ती या ‘भारतीय’ उत्तरांची.

यावरून निमझोविचप्रभृतींनी महेशचंद्रांचे शिष्यत्व पत्करले असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. विचार निरनिराळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे उगवू शकतो. पण नाव टिकले, डाव टिकले, आणि ते टिकले लेखणीमुळे, एवढे निर्विवाद आहे.

दुसरे उदाहरण पंजाबातील सुलतान खान यांचे. तेही देशी खेळात वाढले. सर उमर हयात खान या जमीनदारांच्या आश्रयाने त्यांनी युरोपीय नियम शिकून घेतले, १९२८ मध्ये अखिल भारतीय स्पर्धा जिंकली आणि १९२९ मध्ये विलायतेस जाऊन त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद मिळविले. १९३२ व १९३३ मध्ये तो मान त्यांनी पुन्हा संपादन केला. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांनी माजी जगज्जेते कापाब्लांका यांस पासष्ट चालींत हरविले. हा डाव वजिराच्या भारतीय बचावाचा होता, पण येथे भारतीय खेळाडू पांढऱ्या बाजूस होता. घोडे व मधली प्यादी मांडून झाल्यावर पाचव्या चालीस त्यांनी वजिराकडील हत्तीचे प्यादे अवघे एक घर पुढे सारले. काळ्या उंटाने पुढे येऊन आपल्या घोड्यास जखडून टाकू नये, एवढाच त्या चालीचा हेतू. पाहणाऱ्यास ती चाल वाया गेली असे वाटावे. परंतु पुढे तीच कल्पना जगज्जेते पेट्रोस्यान यांच्या नावाने प्रतिष्ठित झाली आणि कास्पारॉव्हसारख्या आक्रमक वीरानेही तिचा आदर केला. सुलतान खान १९६६ मध्ये निवर्तले. जागतिक संघटनेने त्यांस सन्माननीय ग्रँडमास्टर पदवी दिली ती २०२४ मध्ये, म्हणजे अठ्ठावन्न वर्षांनी.

आता भक्कम म्हणून विख्यात असलेल्या एका मांडणीचे मर्म पाहू, म्हणजे एकघरी प्याद्याचे मोल समजेल. पांढऱ्याने वजिराचे प्यादे दोन घरे पुढे नेले, काळ्यानेही तेच केले. पांढरा आता वजिराकडील उंटाचे प्यादे दोन घरे टाकून काळ्याच्या त्या मधल्या प्याद्यावर चालून येतो. काळ्याने त्यास जोर कसा द्यावा? राजाचे प्यादे एक घर सारून जोर दिला तर पाया पक्का होतो, पण वजिराकडील उंट आपल्याच तटाच्या आत कोंडला जातो. वजिराकडील उंटाचे प्यादे एक घर सारून जोर दिला तर उंटाची वाट मोकळी राहते, परंतु घोड्याचे उत्तम घर अडते, आणि पुढे तेच प्यादे आणखी एक घर नेऊन मध्यावर चढाई करावयाची झाल्यास एक चाल अधिक खर्ची पडते. या दुसऱ्या रीतीस ‘स्लाव्ह बचाव’ म्हणतात. दोन्ही प्यादी एकेक घर सारून दुहेरी जोर दिला तर ‘अर्ध-स्लाव्ह’ होतो. मध्ये एक दोनघरी प्यादे आणि त्याच्या दोन्ही खांद्यांशी दोन एकघरी प्यादी, असा तो त्रिकोण. देशी खेळातल्या एखाद्या जुन्या खेळाडूस हा तट पाहून आपल्या ओळखीचे कोणी भेटल्यासारखे वाटले असते.

मात्र या तटास भित्रेपणाचे लक्षण समजणारा फसतो. त्रिकोण पक्का झाल्यावर काळा योग्य क्षणी मधले प्यादे सोडून पांढऱ्याचे उंटाकडील प्यादे मारतो, वजिराकडील घोड्याचे प्यादे झपाट्याने पुढे नेतो, कोंडलेला उंट त्या मोकळ्या बाजूने लांब तिरक्या पट्टीवर येतो आणि जोर देणारे प्यादेच आता मध्यभागावर चालून जाते. दाबून धरलेली कमान सुटावी तसा हा प्रकार आहे. मेरान या गावी १९२४ मध्ये झालेल्या स्पर्धेवरून या उपप्रकारास नाव मिळाले. २००८ मध्ये बॉन येथे विश्वनाथन आनंद यांनी क्रामनिकविरुद्ध जगज्जेतेपद राखले, त्या सामन्यातील तिसरा आणि पाचवा हे दोन्ही निर्णायक डाव काळी मोहरी घेऊन या मांडणीने त्यांनी जिंकले. बचाव आणि आक्रमण या दोन विरोधी वृत्ती नसून एकाच शक्तीच्या दोन अवस्था आहेत, हा बोध त्यांतून घ्यावा.

महाराष्ट्रानेही या खेळाची सेवा कमी केलेली नाही. १९५५ मध्ये एलुरू येथे भरलेल्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत रामचंद्र सप्रे हे डी. वेंकय्या यांच्यासह संयुक्त विजेते ठरले. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या द्वारे कित्येक पिढ्या घडविल्या. १९७४ मध्ये पहिल्या राष्ट्रीय महिला स्पर्धेत वासंती खाडिलकर विजयी झाल्या आणि १९८१ मध्ये त्यांची भगिनी रोहिणी आशियाई विजेती झाली. २०२५ च्या जुलै महिन्यात नागपूरच्या दिव्या देशमुख हिने बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर पद मिळविले. या सर्वांचे डाव चालीनिशी लिहिले गेले आहेत. ते हरवणार नाहीत.

हरवले ते त्याआधीचे. बुद्धिबळ आमचे, असे अभिमानाने सांगणारे आपल्यात पुष्कळ आहेत, आणि ते खोटेही नाही. परंतु शतकानुशतके या देशात जे लाखो डाव मांडले गेले त्यांतील खेळाडूंची बुद्धी कोणत्या वाटेने चालली, हे आज आपणास जवळजवळ ठाऊक नाही. जे थोडे ठाऊक आहे ते एका परकीय वकिलाने आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या चाली प्रामाणिकपणे टिपल्या म्हणून. नीलकंठ भट्टांनी घोड्याच्या चौसष्ट घरांची वाट लिहिली, म्हणून ती आजही आपण चालू शकतो. ज्या देवळांच्या सभामंडपांत संध्याकाळच्या आरतीपूर्वी पट मांडले जात, तेथील डाव कोणी लिहिले नाहीत, म्हणून त्यांची वाट बुजली.

देशी बुद्धिबळाचे आपल्या गावचे नियम, मोहऱ्यांची स्थानिक मराठी व कोंकणी नावे, प्यादेमातीचे मान आणि वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या युक्त्या ज्यांच्या स्मरणात अजून उरल्या असतील, त्यांनी त्या लिहून ठेवाव्यात. दोन घरे झेप घेणाऱ्या काळात हे काम एकघरी प्याद्यासारखे मंद वाटेल. पण प्यादे मागे फिरत नाही, आणि शेवटच्या घरी पोहोचले म्हणजे त्याचे रूप पालटते, हे देशी आणि विलायती दोन्ही खेळांना मान्य आहे.